जिना न चढणारी मावशी

इमारत जुनी होती, सहा मजल्यांची, आणि तिच्या लिफ्टला अजून हाताने ओढायचा जाळीचा दरवाजा होता. त्या दरवाज्याशी उंच स्टुलावर मावशी बसायची. तिला नाव होतं, पण ते पगारापुरतं. वकिलांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. तळमजल्यावर सुरू केलेली गोष्ट सहाव्या मजल्यावर दरवाजा उघडता उघडता संपवायची तिची हातोटी होती. कुणी मध्येच उतरणारा असला तर त्याला तेवढीच मिळायची. "तिसऱ्या मजल्यावाल्यांना मी सासू मरते इथपर्यंतच सांगते," ती म्हणायची. "सुनेचं पुढे काय झालं ते हवं असेल तर वर या."

नवरा रंगारी, अबोल माणूस. दिवसभर भिंतींकडे तोंड करून काम करायचा आणि घरी आल्यावर हिच्या गप्पा ऐकत जेवायचा. मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दारात पायरी एकच. मावशीच्या आयुष्यात जिना असा नव्हताच. घरी नाही आणि कामावर तर नाहीच नाही.

डाव्या छातीतली गाठ तिला आंघोळीच्या वेळी हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून तिने ती काही महिने अंगावर काढली. मग मुलगी आली आणि जवळजवळ ओढतच इस्पितळात घेऊन गेली. ऑपरेशन झालं. त्यानंतर केमोचं लाल रंगाचं औषध सलाईनमधून सुरू झालं, केस गेले, तोंड आलं. त्यातही ती मधूनमधून कामावर यायची, डोक्याला रुमाल बांधून. "डोकं हलकं झालंय," लिफ्टमध्ये चढणाऱ्यांना सांगायची, "लिफ्टला तेवढाच कमी भार."

लाल औषध संपल्यावर वर्षभराची इंजेक्शनं सुरू झाली. कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंना आडपडदा ठाऊक नव्हता. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हे औषध तुमच्या आजारावर चांगलं आहे, पण काहींच्या हृदयाला ते झेपत नाही. लाल औषधानेही हृदयावर ताण आलेला असतो. म्हणून दर तीन महिन्यांनी हृदयाची सोनोग्राफी करायची. ती चुकवायची नाही. आणि धाप लागली, पाय सुजले, सपाट झोपवेनासं झालं, तर लगेच यायचं."

पहिल्या दोन तपासण्या छान आल्या. मावशीने लिफ्टमध्ये जाहीर केलं, "माझं हृदय एकदम तरुण निघालं. आता बाकीच्या मावशीला कळवायचं राहिलंय."

इंजेक्शनच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक शिंपीण बसायची. दोघींची गट्टी जमली होती. एकदा ती शिंपीण डोळे पुसत आली. तिच्या हृदयाचा रिपोर्ट खराब आला होता आणि इंजेक्शन थांबवलं होतं. पिशवी घेऊन ती निघून गेली. पुढच्या खेपेला तिची खुर्ची रिकामी होती, त्याच्या पुढच्या खेपेलाही. मावशीने कुणाला काही विचारलं नाही. तिने मनाशीच धरलं की शिंपीण गेली. इंजेक्शन बंद केलं आणि आजाराने डाव साधला, दुसरं काय असणार!

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी ती सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. आदल्या आठवड्यापासून संध्याकाळी चपला घट्ट होत होत्या. उशाला दुसरी उशी लागत होती. नवऱ्याला तिने सांगितलं होतं की पंख्याच्या वाऱ्याने खोकला येतो. आत गेलं की सगळं बाहेर येणार, हे तिला बसल्या जागी कळलं. दोन बायका आत जाऊन बाहेर आल्या. तिसरी मावशी होती. नाव पुकारायच्या आतच ती उठली आणि घरी आली.

इंजेक्शनच्या दिवशी नर्सने विचारलं, "सोनोग्राफी झाली ना?"

"झाली की. रिपोर्ट घरी राहिला बाई, पुढच्या वेळी आणते."

नर्सच्या मागे खोलीभर माणसं होती. तिने मान हलवली आणि सुई लावली. त्यानंतरच्या खेपेलाही रिपोर्ट घरीच राहिला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जिने चढताना दम लागतो का?" तेव्हा मावशी हसली. "अहो, मी जिना चढतच नाही. सरकारने लिफ्ट दिलीय मला, स्टुलासकट." बाईही हसल्या. ते उत्तर खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. दिवसातून शंभरदा वर जाणारी बाई एकही जिना चढत नव्हती, त्यामुळे किती दम लागतो ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

लक्षात आलं ते पाचव्या मजल्यावरच्या हिशेबनिसाच्या. तो रोजचा ऐकणारा. "मावशी," तो एकदा म्हणाला, "हल्ली तुमच्या गोष्टी चौथ्या मजल्यालाच थांबतात. पुढचं विसरता की काय?"

"वय झालं," मावशी म्हणाली आणि जाळी ओढली. ती ओढतानाही तिला मध्ये थांबावं लागलं.

मग एके सकाळी वीज गेली. वरच्या मजल्यावरच्या कचेरीच्या किल्ल्या मावशीकडे होत्या आणि माणसं वर खोळंबली होती. कुणाला हाक मारायची सोडून ती स्वतःच निघाली. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली आणि वळणावर भिंतीला टेकून खाली बसली. हिशेबनीस खाली उतरत होता, त्याला ती दिसली. ओठ निळसर, किल्ल्या मुठीत, आणि बोलायला श्वास नाही. ती बोलत नाही हे पाहूनच तो घाबरला.

इस्पितळात पाणी उतरायची औषधं दिली, नाकाला नळी लावली. चार दिवसांनी हृदयाचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई दोघं तिच्या खाटेशी आले. नवरा पायथ्याशी उभा होता, नखांत रंग तसाच.

"हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद निम्म्यावर आलीय," हृदयाचे डॉक्टर म्हणाले. "मधली तपासणी कधी झाली होती?"

मावशी छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "झालीच नव्हती. खोटं बोलले मी."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला टेकल्या. "का हो?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"इंजेक्शन बंद केलं असतं तुम्ही."

"केलं असतं. गोळ्या दिल्या असत्या, हृदय सावरेपर्यंत थांबलो असतो, आणि बहुतेक पुन्हा सुरू केलं असतं."

मावशीने 'बहुतेक' हा शब्द धरून ठेवला. कधी वाटे, आपण त्या बहुतेकांत बसलोच नसतो. कधी वाटे, बसलो असतो.

इंजेक्शन बंद झालं. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, मिठाला फाटा, पाणी मोजून. रोज उठल्यावर वजन करायचं. रंगारी आता काम अर्धं टाकून घरी येऊ लागला, भाजी अळणी करायला शिकला. हृदय थोडं सावरलं, पण थोडंच. मावशी काही दिवस लिफ्टवर जाऊन बसली. लोक मुद्दाम तिच्याशी कमी बोलायचे, तिला दम लागू नये म्हणून. ते तिला सोसेना. तिने काम सोडलं.

एका तपासणीला ती बाकावर बसली होती. समोरून आखूड कुरळ्या केसांची एक बाई आली आणि थांबली.

"अहो, ओळखलं नाही का? मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवरची!"

शिंपीण होती. गालावर तुकतुकी, हातात नव्या कापडांची पिशवी.

"तुम्ही..." मावशी म्हणाली, "तुम्ही आहात?"

"म्हणजे काय! असणारच की. दोन-अडीच महिने थांबवलं मला. गोळ्या दिल्या, हृदय ताळ्यावर आलं, मग राहिलेली इंजेक्शनं घेतली. मागच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची मिळाली, म्हणून तिकडे बसायला लागले. तुमचं कसं काय?"

"चाललंय."

"तोंड का उतरलंय? तुम्ही तर आम्हाला हसवायच्या."

मावशी तिच्या पिशवीतल्या कापडाचं टोक चाचपत राहिली. तेवढ्यात मावशीचं नाव पुकारलं गेलं.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती शिंपीण जिवंत आहे."

त्याला शिंपीण कोण ते माहीत नव्हतं. "मग चांगलंच की," तो म्हणाला.

"हो," मावशी म्हणाली, "चांगलंच."

पुढच्या वर्षी आजार यकृतात दिसला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की नेमकी कामाची औषधं आहेत, पण ती या हृदयाला देता येणार नाहीत. जी देता येतील ती सौम्य आहेत. रंगाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांशी वाद घातला. "आधी हृदय बरं करा, मग ते औषध द्या," तो म्हणाला. हृदयाच्या डॉक्टरांकडेही तो हेच सांगायला गेला. तिथे त्याला कळलं की वाट बघायला तेवढा वेळ नाही.

मावशीने वाद घातला नाही. मुलगी येऊन राहिली, तिला ती अधूनमधून गोष्ट सांगायची. दोन वाक्यं झाली की थांबायची, श्वास घ्यायची, आणि पुढे काय हे मुलीलाच विचारायची. मुलीला ठाऊक नसायचं. मावशी मान हलवायची आणि उशांना टेकून डोळे मिटायची. बसल्या बसल्याच झोपायची, आडवं पडणं कधीच संपलं होतं.

ती थंडीत गेली, दुपारची, मुलगी औषध आणायला गेली असताना. रंगारी जवळ होता. त्याने सांगितलं की शेवटी ती काही बोलली नाही, नुसती त्याच्या मनगटाला धरून होती.

इमारतीतली माणसं भेटायला आली. हिशेबनिसाने विचारलं, "कशानं गेल्या हो?" रंगारी म्हणाला, "कॅन्सरनं." दुसऱ्या दिवशी वकील आले, त्यांनीही तेच विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "हृदयानं." मुलीने आतून दोन्ही उत्तरं ऐकली. तिने बापाला दुरुस्त केलं नाही. ती चहाचं आधण ठेवायला उठली, कारण दारात आणखी माणसं आली होती आणि तीही तेच विचारणार होती.