मधल्या फळीतल्या माणसाचा सत्कार

देवबागात एक निवृत्त जपानी फुटबॉलपटू येऊन राहिला आहे, ही बातमी बाजारपेठेत पोचायला आठवडा लागला. त्याचा सत्कार करायचे ठरायला एक संध्याकाळ पुरली. पर्यटन जिल्हा म्हणवून घेत आम्हांला दहाएक वर्षे झाली होती. तेवढ्या काळात आम्ही एकच उद्योग भरभराटीला आणला होता, तो शाल-श्रीफळाचा.

परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. प्रत्यक्षात इंग्रजी लागलेच नाही. गृहस्थ शेवटची दोन वर्षे गोव्यातल्या एका क्लबाकडून खेळला होता आणि मोडकी, पण कामापुरती कोंकणी घेऊन आला होता. पडवीत बसून गुडघ्याला तेल चोळत त्याने मला आपली कारकीर्द सांगितली. जपानात दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत अकरा वर्षे. जागा मधल्या फळीत. काम मागच्याकडून चेंडू घेऊन पुढच्याला देण्याचे. देशाच्या संघात कधीच निवड नाही. मग दोन्ही गुडघे गेले.

हे मी सत्कार समितीच्या अध्यक्षांना वाचून दाखवले. ते निवृत्त अधिकारी. खुर्ची सुटली होती, बसण्याची पद्धत सुटली नव्हती.

"सर, यात गोल कुठे आहेत?"

"त्याने फारसे केलेच नाहीत."

"मग तो करायचा काय?"

मी पुन्हा सांगितले. त्यांनी 'मधल्या फळीतील' हे शब्द खोडून वर 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे' असे लिहिले.

सत्कारानंतर मच्छीमार वाडीच्या दोन संघांत सामना होता. जपानी त्यातल्या एका संघातून खेळणार होता. त्या संघाचा कप्तान होडीवर राबणारा, पस्तिशीचा. तोही मधल्या फळीतला. वाडीत त्याच्या खेळाची कधी कुणी वाहवा केली नव्हती. या माणसाच्या शेजारी अर्धा तास खेळायचे, एवढ्यासाठी त्याने त्या दिवशी होडी पाण्यात घातली नव्हती. मैदान म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू. तीनला सुरुवात करा, पाचनंतर तिथे पाणी असेल, हे त्याने समितीला दोनदा सांगितले होते. समितीने पत्रिकेत तीनच छापले. प्रमुख पाहुणे सव्वाचारला आले.

मग समई. वाऱ्यावर ती पेटेना. अर्धी काड्यापेटी संपल्यावर ती पेटली असे मानण्यात आले. मग भाषणे. कप्तान मंचामागून माझ्याजवळ आला.

"मास्तरांनू, अजून किती जण बोलतले?"

"तिघे."

"सांगा त्यांका, दर्यान तुमची पत्रिका वाचूक नाय."

मी चिठ्ठी पाठवली, 'भरती लागली आहे.' अध्यक्षांनी ती वाचली, मान डोलावली आणि "आपल्या अथांग सागराबद्दल बोलायचे राहिलेच," असे म्हणून पुन्हा सुरुवात केली. त्या सागराकडे त्यांची पाठ होती. जन्मभर या किनाऱ्यावर राहून त्याच्याकडे पाहण्याची गरज त्यांना कधी भासली नसावी.

शेवटी सत्काराला उत्तर देण्यासाठी जपानी उठला. शाल घडी करून त्याने खुर्चीवर ठेवली आणि ध्वनिक्षेपकात गोव्याच्या रीतीने आभार मानले, "देव बरें करूं. भरती आयली. खेळूंक चलात."

अध्यक्षांनी याचा मराठीत अनुवाद केला. तो चार मिनिटे चालला आणि त्यात समितीच्या नियोजनाचे मुक्तकंठाने कौतुक होते.

तोवर सगळे वाळूवर पळाले होते. मैदानाची रुंदी एका होडीइतकी उरली होती. घोटाभर पाण्यात आठ-दहा मिनिटे खेळ झाला. त्याला खेळ म्हणणे हीसुद्धा सवलतच. जपानी धड पळूही शकत नव्हता; पण चेंडू त्याच्याकडे आला की क्षणभर थांबे आणि जायचा तिथेच जाई. मग एक लाट आली आणि चेंडू तरंगू लागला.

कप्तान गुडघाभर पाण्यातून माझ्याकडे आला. मी म्हटले, "राहिलेच रे तुझे. अर्धा तास कुठला मिळाला?"

"एक पास दिल्यान माका," तो म्हणाला. "नेमको पायात. माका मान वर करूची लागली नाय."

मागे मंचावर अध्यक्ष जाहीर करत होते की नैसर्गिक आपत्तीमुळे सामना होऊ शकला नाही, तरी कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला आहे, आणि चहा घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.