सरांना न सांगितलेली वेळ

ताई गेल्याचं तिच्या मुलीनं, मुग्धानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी गाझियाबादच्या घरी भाजी निवडत होते. ‘मावशी, आई गेली…’ एवढंच. रडू नंतर आलं. आधी आठवले ते ताईचे सर. ते अजून जिवंत आहेत, याचाच राग आला.

माझी थोरली बहीण वासंती दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करायची. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन औषधानं कमी केलं, की नर पिसाळल्यासारखे एकमेकांवरही चढत. माद्यांचं मात्र अंडं सुटायचं थांबे. इंजेक्शननं कमतरता भरून काढली, की पुन्हा सुटे. पण ते इंजेक्शन दिवसाच्या नेमक्या वेळीच द्यावं लागे. ती वेळ शोधण्यात ताईचे कितीतरी उन्हाळे गेले. मुग्धाच्या वेळी ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी तिचं सगळं काम स्वतःच्या नावानं छापलं. आभारांतसुद्धा तिचं नाव नव्हतं. ‘मी इथे पोर जन्माला घालतेय, आणि तिकडे माझ्या उंदरांचा बाप भलताच!’ ताई म्हणाली. हसली नाही.

घाईत सरांनी इंजेक्शनची वेळ लिहिलीच नव्हती. खरं तर त्यांना ती ठाऊकच नव्हती; ती फक्त ताईला माहीत होती. प्रयोग जुळत नाही, अशी पत्रं परदेशातून येऊ लागली. मग सर मिठाईचा डबा घेऊन ताईच्या फरीदाबादच्या घरी आले. मी तिथेच होते.

‘वासंती, इंजेक्शन किस वक़्त देती थीं?’

ताई मुग्धाला थोपटत होती. ‘सर, काम तो आपका है. आपको याद होगा.’

डबा तिनं त्यांच्याच हातात परत दिला. पुढे ती वेळ तिनं स्वतःच्या नावानं छापली, आणि शिकवायला लागल्यावर सरांचा शोधनिबंध वर्गात चुकीचं उदाहरण म्हणून शिकवला. दर वर्षी. नाव घेऊन.

ताईच्या शोकसभेत सर काठी टेकत बोलायला उठले. मी माइक काढून घेतला. ‘आप नहीं.’

‘उसने माफ़ तो कर दिया था न?’ त्यांनी हळूच विचारलं.

‘नहीं सर. आख़िर तक नहीं.’

काठी सावरत ते खाली बसले. मला बरं वाटलं… अजूनही वाटतं.

परवा मुग्धाबरोबर ताईची खोली आवरली. दारामागे तिचा पांढरा अ‍ॅप्रन लटकतोय. पिंजऱ्यातल्या भुशाचा वास इतक्या वर्षांनी त्याला येणं शक्य नाही, पण मला आला.

‘मावशी, धुऊन टाकूया ना?’

‘बिलकुल नाही.’

वास गेला तर रागही जाईल… तिचा तेवढा तरी माझ्याकडे राहू दे.