हिंगणबेटाचा गुण

ज्योतीचं लग्न होऊन ती जामखेडच्या पुढच्या त्या वाडीवर आली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या नणंदेनं, बनुबाईनं, तिला मासे धरायला नेलं होतं. ओढा आटून एका वळणावर गुडघाभर पाण्याचा डोह उरला होता. बनुबाईनं ओच्यातून हिंगणबेटं, हिंगणाच्या काटेरी झाडाची फळं, काढली, दगडावर ठेचली, जुन्या धडप्यात बांधली आणि ते गाठोडं पाण्यात बुडवून ताक घुसळावं तसं घुसळायला लागली. पाण्यावर पांढराशुभ्र फेस आला. साबणाचाच फेस जणू. बघता बघता मासे उलटे होऊन पोटं वर करून तरंगायला लागले.

ज्योती नगरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. विषानं मेलेले मासे खायचे कसे, म्हणून ती ताट पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. बनुबाईनं तिच्या ताटातला तुकडा उचलून आधी आपल्या तोंडात टाकला.

"खा गं मास्तरणी. माशाला लागतंय ते, मानसाला न्हाई लागत."

ज्योती कधीच मास्तरीण नव्हती. पुढं नवऱ्यानं, रामहरीनं, कर्जतला विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं आणि दोघं तिथं राहायला गेले, तेव्हा ती घरी शिकवण्या घ्यायला लागली एवढंच. पण बनुबाईनं एकदा ठेवलेलं नाव कोण पुसणार? रामहरी चालायलाही लागला नव्हता तेव्हा त्यांची आई गेली, आणि त्याला कडेवर घेऊन वाढवलं ते या बहिणीनं. त्यामुळं घरात तिचा शब्द सासूसारखा होता, आणि चेष्टा मात्र मैत्रिणीसारखी.

बनुबाई आणि तिचा नवरा सहादेव दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. सहादेव तोडायचा, ती मोळ्या बांधायची. तिनं बांधलेली मोळी गाडीत कितीही आदळली तरी सुटत नसे, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. फडात थंडी, चिखल, पाचटाच्या पात्यांनी चिरलेले हात. यातलं काही ती गावी आल्यावर बोलायची नाही. बोलायची ती कुठल्या गावच्या पाटलिणीनं ताक मागितल्यावर कसं तोंड वाकडं केलं आणि आपण काय उत्तर दिलं, ते. तिला मूलबाळ नव्हतं. रामहरीला मुलगी झाली तेव्हा बारशाला आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. ज्योतीनं आणि रामहरीनं दुसरंच एक नाव ठरवलं होतं. बनुबाईनं वाकून पोरीच्या कानात 'ज्ञानेश्वरी' असं सांगितलं आणि वर बघून म्हणाली, आता सांगून झालं, परत घेता येत नाही.

तीच ज्ञानेश्वरी शिकत शिकत राहुरीला कृषी विद्यापीठात पोचली आणि संशोधनाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिनं निवडलं हिंगणबेट. आत्याच्या माशांची गोष्ट ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेली. त्या फळाच्या गरात सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलकटाला धरणारं, दुसऱ्या टोकाला साखरेची लांब शेपटी, पाण्याला धरणारी. म्हणून तर फेस येतो. गराचा अर्क नळीत घालून हलवला आणि फेस बराच वेळ टिकला की सॅपोनिन आहे असं समजायचं, ही त्याची अगदी पहिली परीक्षा. ज्ञानेश्वरी हे फोनवर आईला सांगायची आणि ज्योतीला आपण पुन्हा कॉलेजात गेल्यासारखं वाटायचं. पुण्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ते सॅपोनिन टाकलं, तर पेशी फुटून मेल्या. त्या दिवशी पोरगी फोनवर ओरडलीच होती.

पुढचं सांगताना मात्र तिचा आवाज उतरला होता. तांबड्या रक्तपेशींवर टाकलं, तर त्याही फुटल्या. चांगलं-वाईट त्याला कळत नव्हतं. आणि रेणू औषध व्हायच्या लायकीचा आहे का हे संगणकावर तपासलं, तर जवळजवळ सगळ्या कसोट्यांवर तो नापास. तोंडानं घ्यायचं औषध आतड्यातून रक्तात जायचं तर त्याचा रेणूभार साधारण पाचशेच्या आत बरा. याचा हजाराच्या पुढं. साखरेची शेपटी पाण्याला इतकी चिकटलेली, की आतड्याच्या तेलकट पडद्यातून तो आत शिरतच नाही. जातो तसाच निघून.

अशातच विज्ञान दिन आला. प्रदर्शनात लावायच्या तक्त्यावर ज्ञानेश्वरीनं मराठीत मथळा लिहिला, 'हिंगणबेटातील सॅपोनिनचे औषधसदृश गुणधर्म'. औषधसदृश म्हणजे औषध नव्हे. औषधासारखं वागेल का, याची तपासणी. आणि उत्तर होतं, नाही वागणार. ते खाली बारीक अक्षरात होतं. एका बातमीदारानं फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'हिंगणबेटात कर्करोगावर औषधी गुण. कर्जतच्या कन्येचे संशोधन'. 'सदृश' गेलं, 'धर्म' गेला. राहिलं औषध आणि राहिला गुण. कन्येचा फोटो मात्र चांगला आला होता. रामहरीनं तो सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर पाठवला. ज्योतीनंही पाठवला.

त्याआधीच्या दिवाळीला बनुबाई टोळीबरोबर गेली नव्हती. निघायच्या सुमारास पोट फुगलं, अन्न जाईना. नगरच्या दवाखान्यात तपासलं तर अंडाशयाची गाठ निघाली, वाईटातली. सलाईनमधून औषध सुरू झालं. केस गेले. उवांची कटकट मिटली म्हणून ती डोक्यावरून हात फिरवायची, बघणाऱ्यानं हसावं की रडावं हे त्याचं त्यानं ठरवायचं. पण गाठ आक्रसत होती. डॉक्टर म्हणाले होते, असंच चालू राहिलं तर आपण ऑपरेशनपर्यंत पोचू. ज्योती या एका वाक्यावर जगत होती. दर खेपेला फोन करून विचारायची, आणि सहादेव सांगायचा, जाऊन आलो.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा दवाखान्यातून नर्सचा रामहरीला फोन आला. पेशंट बऱ्याच दिवसांत आलेलं नाही, काय झालं?

ज्योती त्याच दिवशी एसटीनं वाडीवर गेली. बनुबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. हातापायाच्या काड्या, आणि पोट तेवढं पुढं. कोपऱ्यात हिंगणबेटांचं पोतं. सहादेव फळं सोलत होता, त्यानं वर पाहिलंच नाही. रात्री गर भिजत घालायचा, सकाळी उकळून तांब्याभर पाणी उपाशीपोटी प्यायचं, असं विज्ञान दिनाच्या बातमीपासून चाललं होतं. प्यायलं की उलट्या, जुलाब.

"घान निघतीय," बनुबाई म्हणाली. "गुन येतोय त्याचा."

ज्योतीनं समजावलं. हळू समजावलं, मग रागानं समजावलं. गुण नाही आक्का, गुणधर्म. मिठाचा गुणधर्म खारट, तसा. बातमीत चूक झाली. बनुबाई ऐकत होती, अधूनमधून मान हलवत होती, आणि ज्योती दमून थांबली तेव्हा शांतपणे म्हणाली, "ज्ञानीनं शोधलंय ते. तुला काय ठावं? तू बारक्या पोरांस्नी शिकवतीस. आन् मी दवाखान्यातलं ते इख घिऊन गुरावानी पडून ऱ्हाते. हे आपल्या वड्याचं हाय. माशाला मारतंय आन् मानसाला काय करत न्हाई. गाठ माशासारखीच की. ती मरंल आन् मी ऱ्हाईन."

माशाचं आणि माणसाचं ती म्हणाली ते खरं होतं. मासा मरतो कारण त्याच्या कल्ल्यांतून ते थेट रक्ताशी जातं. माणूस मरत नाही कारण माणसाच्या आतड्यातून ते आत शिरत नाही. आणि म्हणूनच ते गाठीपर्यंतही कधी पोचणार नव्हतं. बनुबाईला ज्याचा भरवसा वाटत होता, नेमकं तेच तिच्या जिवावर उठलं होतं. एवढं स्वच्छ दिसत असून ते तिच्या गळी कसं उतरवायचं, हे ज्योतीला उमगत नव्हतं. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. एकही धड जुळलं नाही.

ज्ञानेश्वरीनं सांगितलं तर ऐकतील, असं ठरलं. पण पोरीला सांगायचं कसं? तुझ्या अभ्यासापायी आत्यानं औषध सोडलं, हे आईनं आपल्या तोंडानं सांगायचं? ज्योतीनं एवढंच सांगितलं, की आत्याला भेटायला ये. पोरगी आली. तिनं पोतं पाहिलं, ओट्यावरचा तांब्या पाहिला. त्यात वर फेसाचं कडं धरलं होतं. ती काय ते समजली. ती आत्याच्या पायाशी बसली आणि तिचा हात हातात घेऊन सांगायला लागली. रेणू म्हणाली नाही, रेणूभार म्हणाली नाही.

"आत्या, पिठाच्या चाळणीवर ज्वारी टाकली तर खाली पडती का? हे तसं हाय. तुझ्या पोटात जातंय, पण चाळणीतनं गाठीकडं जात न्हाई. वरच्या वर राहातं आन् निघून जातं. मासा मरतो, कारण त्याला ही चाळणी लागतच न्हाई."

फळं सोलणारे सहादेवचे हात थांबले होते.

"मंग बशीत कशी मेली गाठ?"

"बशीत चाळणी नव्हती, आत्या. डायरेक टाकलं त्यावर."

"म्हंजी बशीत मरतीया, माझ्यात न्हाई."

"व्हय."

"मंग मला बशीत घालायचं हुतं की," बनुबाई म्हणाली आणि हसली. हसता हसता तिला उमाळा आला. तो सरल्यावर ती म्हणाली, "चला. जाऊ दवाखान्यात. पोरगी म्हणतीया तर जाऊ."

त्या रात्री ज्योतीला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

नगरला रामहरी गाडी करून घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढायला लावले, जुने आणि नवे शेजारी धरून पाहिले. मग ज्योतीला आणि रामहरीला आत बोलावलं. ते चांगले होते, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आक्रसलेली गाठ पुन्हा वाढली होती, यकृतावर गेली होती. अंगात रक्त नव्हतं, ताकद नव्हती. आता सलाईनमधलं औषध दिलं तर ते औषधच नेईल त्यांना. दुखायच्या गोळ्या लिहून देतो. घरी ठेवा, खावंसं वाटेल ते खाऊ द्या. ज्योतीनं विचारलं, मधल्या खेपा चुकल्या नसत्या तर? डॉक्टर टेबलावरचं पेन सरळ करत म्हणाले, ते आता नका विचारू.

ज्ञानेश्वरी बाहेर आत्याजवळ बाकावर बसली होती. आईचा चेहरा बघून तिनं फक्त, माझ्यामुळं का, असं विचारलं. ज्योतीनं नाही म्हटलं. पोरीला ते पटलं नाही, आणि तिला पटलं नाही हे ज्योतीला दिसलं.

बनुबाईला कर्जतलाच आणलं. तिला कोणी काही सांगितलं नाही आणि तिनं कोणाला काही विचारलं नाही. पुन्हा सलाईन का लावलं नाही, हेसुद्धा नाही. ज्ञानेश्वरी राहुरीला परत गेली. फोनवर ती आता कामाचं काही बोलायची नाही, नुसतं आत्या जेवली का, एवढंच. सहादेव खाली जमिनीवर बसून असायचा. येताना त्यानं ते पोतं बरोबर आणलं होतं. कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

एका सकाळी बनुबाईनं ज्योतीला हाक मारली.

"मास्तरणी, ते पानी दी की करून."

"आक्का, ज्ञानीनं सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं. चाळनी हाय." बनुबाईनं डोळे मिटले. "तरी बी दी. एखांदं भोक मोठं असंल."

ज्योती स्वयंपाकघरात गेली. ओट्याला धरून उभी राहिली. मग तिनं पोत्यातली फळं काढली, सहादेवनं सोलून दिली. तिनं गर घेतला तो नखाएवढा. उलटी होणार नाही इतकाच. बाकी पाणी, आणि चवीला गूळ. उकळून, गाळून, कोमट करून कपात घेऊन आली.

बनुबाईनं कप हातात घेतला, तोंडाशी नेला आणि तसाच खाली आणला.

"फेस न्हाई गं ह्याला."

ज्योतीनं कप परत घेतला. ती आत गेली, ते पाणी उभट भांड्यात ओतलं, फळीवरची रवी काढली आणि दोन्ही तळव्यांत धरून घुसळायला लागली. नखाएवढाच होता गर, पण फेस येत होता. बाहेरून बनुबाईचा आवाज आला, आला का गं? आला, म्हणत ती घुसळत राहिली.