समोरच्या काकूंची लिली आमच्या सरीत

फुटबॉल लिली हे बिनकष्टाचं फूल. कंद पुरायचा आणि विसरून जायचं. मे महिन्यात लाल गोळा आपसूक वर येतो. इंदापूरच्या मावशीनं आईला तीन कंद देताना हेच बजावलं होतं. पण आमच्या वडिलांना विसरून जाणं जमत नसे. ते ऊस पिकवायचे.

“कंद म्हंजी उसाचं बेणंच की,” म्हणत त्यांनी बारामतीच्या आमच्या घरापुढं, चार हात अंगणात, सरी पाडली. कंद औषधाच्या पाण्यात बुडवून लावले. वेळच्या वेळी युरिया, दर आठवड्याला पाणी, वर उसाला लावतात तशी मातीची भर. पानं गुडघ्याला लागली. कंदांना पिल्लं तर इतकी फुटली, की वडील येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचे. फूल मात्र दोन वर्षांत एक नाही.

ती पिल्लं आईनं गल्लीभर वाटली. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं आणि घरात दर वेळी द्यायला काही असतंच असं नाही, म्हणून वाटीत कंद. मे उजाडला, की फुटक्या बादलीत, मोरीच्या कडेला, सगळीकडं लाल गोळे. बायका कौतुकानं बोलवायला यायच्या, “वैनी, चला, तुमची लिली बघाया!” आई हसत जायची आणि परत येऊन भांडी आदळायची.

त्या वर्षी मावशीनं फोनवर विचारलं, “आलं का गं फूल?”

“नारळाएवढं,” आई म्हणाली.

“मग उद्याच येते बघाया.”

आईच्या तोंडचं पाणी पळालं. थोरल्या बहिणीपुढं ती आधीच कायम धाकटी. आता खोटारडीही ठरणार होती. शेवटी ती समोरच्या काकूंकडं गेली. काकूंच्या तेलाच्या डब्यात एकुलतं एक फूल आलं होतं आणि त्याला त्या लेकीसारखं जपत होत्या. तरी दुपारपुरतं दिलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि स्वतःला फार खरं बोलणारी समजायचे. डब्याची एक बाजू मीच धरली. वडिलांनी तो डबा सरीत पुरला आणि सवयीनं भरही लावली.

मावशी आली. मागोमाग काकूही चहाच्या निमित्तानं आल्या. त्यांची नजर फुलावरून हलेना.

“झ्याक हाय गं,” मावशी खूश झाली. “माझी यंदा समदी कुजली बघ. हीच दे मला.”

माहेरच्या माणसाला आई नाही कसं म्हणणार? काकूंनी चहाची बशी खाली ठेवली. वडील मात्र पुरलेला डबा विसरून घाईनं म्हणाले, “द्या की, त्यात काय!” आणि कुदळ घेऊन आले. अशा वेळी त्यांना कुणी थांबवत का नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

पहिल्याच घावाला खण्णकन आवाज झाला. दुसऱ्या घावाला तेलाचा डबा उघडा पडला.

“माझं न्हाय गं ते फूल,” आई एका दमात म्हणाली. “काकूंचं हाय. माझ्यात एकबी आलं न्हाय. खोटं बोलले मी.”

वडिलांना तेवढीच संधी मिळाली. त्यांनी काकूंना विचारलं, “खत कंचं घातलं म्हनायचं?”

“कसलं खत? भांडी विसळल्यालं पानी,” काकू म्हणाल्या आणि डबा उचलून कडेवर घेतला.

मावशी हसत सुटली, पार ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसत तिनं आईचा हात धरला. “येडे, फुलाच्या निमित्तानं वर्सातनं एकदा तुझ्याकडं यायला मिळावं म्हनून मी कंद दिलं. फूल न्हाय म्हनली असतीस, तर काय आले नसते का मी?”

आई सरीतच बसून रडली. मावशी चार दिवस राहिली.