राखेचा नकाशा

ताईला दमा होता, आणि भाऊजींची बदली नागपूरबाहेरच्या एका वीज केंद्रावर झाली. वसाहतीत दोन क्वार्टर रिकामे होते, एक उत्तरेच्या टोकाला, एक दक्षिणेच्या. मधोमध धुराडं. ताईनं मला विचारलं, "तुह्या मशीनले कळते ना सगळं? मंग सांग ना गा, राख कोणीकडं कमी पडते?"

मी तेव्हा नागपुरातच, सदर भागातल्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर होतो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं, कॉम्प्युटर पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि मी जरा शेफारलोच होतो. त्याच वसाहतीच्या राखेचे आकडे माझ्या टेबलावर होते. गच्च्यांवर बरण्या ठेवून, त्यांत पडलेली राख तोलून कुणीतरी ते वहीत ओळीनं लिहिले होते. मी ते कार्डांवर पंच केले, प्रोग्राम चालवला, आणि प्रिंटरनं नकाशा छापला. राख जास्त तिथं फुल्या दाट. कागदाच्या वरच्या कडेला मी लाल पेन्सिलीनं 'उत्तर' असं लिहिलं. तिथं फुल्या विरळ होत्या.

"उत्तरेचं घे," मी म्हणालो. तिनं दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

दोन महिन्यांनी गेलो तर अंगणातल्या तुळशीची पानं करडी. हातच्या कांकणाला आरसा कशाला. तरी परत येऊन मी वही काढली. बरण्या गोळा करणारा माणूस बसमधून उतरायचा तो दक्षिणेच्या फाटकाशी, आणि मोजणी तिथूनच सुरू करायचा. त्याची पहिली ओळ दक्षिणेची. प्रिंटरनं पहिली ओळ आधी, म्हणजे वर छापली होती. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, ही शाळेतली सवय यंत्राला नव्हती, मला होती.

ओळींचा क्रम ठरवणारं एक कार्ड बदलून कचेरीतला नकाशा मी त्याच दुपारी नीट केला. कुणाला पत्ताही लागला नाही. दक्षिणेच्या क्वार्टरमध्ये तोवर दुसरं कुटुंब आलं होतं, पण भाऊजींनी अर्ज केला असता तर वर्षभरात घर बदलून मिळालं असतं. मी मूग गिळून बसलो. मला तिच्या नजरेतून उतरायची भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

ती तिथं सात वर्षं राहिली. खोकल्याची उबळ ओसरली की म्हणायची, "इथंच एवढी राख येऊन राहिली, तर तिकडं काय होत असन गा." तिच्याकडं जाणं मला नकोसं झालं. अजूनही घरात एकटा असलो की तो खोकला ऐकू येतो, आणि मी त्याच्यामागून येणाऱ्या त्या वाक्याची वाट पाहत बसतो.

शेवटी तिला दवाखान्यात ठेवलं. नर्स तिच्या हाताची शीर शोधत होती आणि ताई तिला सांगत होती, "माह्या भावानं मशीनवर पाहून घर निवडून देल्लं. म्हणून एवढे दिवस तरी निघाले माहे." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "नाही का गा?"

मी हो म्हणालो.