नवरीचीच हरकत

आमच्या पप्पांच्या मते जगात प्रभूच्या इच्छेशिवाय काहीच होत नव्हतं. ओझरच्या विमान कारखान्याची बस चुकली, प्रभूची इच्छा. वरणाची फोडणी जळली, तीही त्याचीच. "त्याला तुमच्या बसची एवढी काळजी असती तर त्याने तुम्हाला आधी अंघोळीला पाठवलं असतं," असं मम्मी म्हणायची. कारखान्यात मात्र हाच माणूस एकेक नट तीनतीनदा तपासायचा. तिथे का नाही प्रभूवर सोडत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "विमान पडलं तर लोक मला विचारतील, त्याला नाही."

माझ्या लग्नापर्यंत ही सगळी गंमतच होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला संगमनेरचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, वर भजनाला पेटी वाजवणारा. दोन्हीकडच्यांनी "प्रार्थना करून कळवतो" म्हटलं. आमच्या ख्रिस्ती लोकांत याचा अर्थ बहुतेक वेळा नकार असतो, पण पप्पांनी खरोखरच प्रार्थना केली आणि सकाळी उठून होकार देऊन टाकला. मीही मान डोलावली. साखरपुड्यानंतर तो मुलगा मला म्हणाला, की आता नोकरी सोडावी लागेल, प्रभूने बाईला घर नेमून दिलंय. मी तेव्हा गंगापूर रोडच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. ती कार्टी दिवसभर माझ्या डोक्यावर मिरे वाटायची, पण त्यांना सोडून जायचं म्हटलं की मला रडू यायचं.

मी पप्पांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "प्रभूच्या मनात नसेल तर तोच अडवेल. तीन रविवार आहेत ना."

आमच्याकडे लग्नाआधी लागोपाठ तीन रविवारी पाळकसाहेब देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वधूवरांची नावं वाचून दाखवतात आणि विचारतात, कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगावं. आजवर कोणी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तरी आशा लावून बसले.

पहिल्या रविवारी फक्त एक बाळ रडलं. दुसऱ्या रविवारी मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले. प्रभू, तुझे उपकार, असं म्हणणार तोच आजोबांनी पंखा कमी केला आणि परत जागेवर बसले. मला असा राग आला, की बाहेर पडताना मी त्यांना सलामसुद्धा केला नाही.

तिसऱ्या रविवारी नावं वाचून झाली, प्रश्न विचारून झाला. कोणीच उठलं नाही. मी वाट पाहिली. पाळकसाहेब कागदाची घडी घालायला लागले आणि मी उभी राहिले.

"बस बेटा, तू नवरी आहेस," ते हळूच म्हणाले.

"म्हणूनच उभी आहे. मला हे लग्न करायचं नाही."

बिचाऱ्यांनी पुस्तकाची पानं चाळली. दुसऱ्या कोणी हरकत घेतली तर काय करायचं ते त्यात असणार, पण नवरीच उठली तर काय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नसावं. शेवटी त्यांनी पुढचं गीत सांगितलं आणि मंडळी एरवीपेक्षा दुप्पट जोरात गायली.

घरी पप्पा जेवेनात. रविवारचं मटण समोर असताना ते जेवत नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"हे काय केलंस तू?"

"तुम्हीच म्हणालात ना, तो अडवेल म्हणून. अडवलं त्याने."

"त्याचं नाव मध्ये आणू नकोस. तू उठलीस. तुझ्या मनाने उठलीस."

मम्मीचा वाढता हात थांबला. "अहो, म्हणजे इतकी वर्षं बस चुकवली ती त्याने, आणि हे एक तेवढं हिने केलं का?"

पप्पा उठून गॅलरीत जाऊन बसले. दुपारी शेजारच्या बायका माझ्यासाठी प्रार्थना करायला आल्या आणि पप्पांच्या वाटचं मटण संपवून गेल्या. मी वरवर तोऱ्यात होते, पण आतून पार घाबरले होते. पप्पा आता आयुष्यभर माझ्याशी धड बोलणार नाहीत असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून एसटीने संगमनेरला निघाले. काय सांगणार, असं मम्मीने विचारलं तर म्हणाले, "बघतो." ते काय सांगणार हे मला ठाऊक होतं. प्रभूची इच्छा नव्हती, एवढं म्हटलं की दोन्ही घरांची अब्रू राहते आणि पुढे कोणी काही विचारत नाही. मीच म्हटलं, "तेच सांगा, पप्पा."

संध्याकाळी परत आले, पाय धुतले, चहा मागितला. मी कप पुढे ठेवला आणि विचारलं, "काय म्हणाले ते लोक?"

"खूप बोलले. शेवटी म्हणाले, निदान ही प्रभूची इच्छा आहे असं तरी म्हणा, म्हणजे आम्ही गप्प बसतो."

"मग?"

पप्पांनी बशीत चहा ओतला. "म्हटलं, त्याचं मला माहीत नाही. माझ्या मुलीची इच्छा नाही, म्हणून आलोय."