दोघींपुरती जागा

“पहले बैठ के देखिए,” असं म्हणून मावशी पदर सावरायच्या आणि सँपल फ्लॅटमधल्या पलंगाच्या कडेला स्वतःच बसून दाखवायच्या. मग गिऱ्हाइकाच्या बायकोला शेजारी बसायला लावायच्या. बाई बसली की तिचे गुडघे समोरच्या कपाटाला टेकायचे. मावशी त्या गुडघ्यांकडे बघायच्या, मग बाईकडे बघायच्या.

घर विकायला ठेवलेलं तुम्हीही कधी बघितलं असेल. पिवळे दिवे, गार हवा, दारात उभं राहिलं की सगळंच ऐसपैस वाटतं. खोली मोठी दिसावी म्हणून आमच्या सँपल फ्लॅटमधला पलंग मुद्दाम आखूड करून घेतला होता, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मावशीही बोलत नव्हत्या. त्या फक्त माणसांना बसवायच्या. आमच्या मालकांना तो पाहुणचार वाटायचा.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. ऑफिसात सगळे त्यांना दीदी म्हणत. शहर हिंदी, तिथे आम्ही दोघीच मराठी, म्हणून मी मावशी म्हणायला लागले, तेही नोकरीला लागून बरेच दिवस झाल्यावर. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या त्या बिल्डरच्या ऑफिसात माझं काम इंग्रजी पत्रकं आणि ईमेल लिहिण्याचं. मला ते बरं होतं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. एकदा माझ्या पत्रकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे स्पेशियस म्हणजे काय?” मी म्हटलं, प्रशस्त. त्यांनी मान हलवली. “तू लिहून मोकळी होतेस. मला ते तोंडानं सांगावं लागतं, माणसाच्या तोंडाकडे बघून.”

त्या स्वतः शिंदे की छावनी भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर, एका खोलीत भाड्यानं राहत. आई असेपर्यंत दोघी, नंतर एकट्या. लग्न केलेलं नव्हतं आणि ते का, हे कोणी विचारायचं धाडस केल्याचं मी ऐकलेलं नाही. खोलीत एक खाट, एक पत्र्याची पेटी, खिडकीखाली ओटा. नवीन काही आलं की जुनं काहीतरी बाहेर जाणार, असा त्यांचा नियम होता. दिवाळीला ऑफिसातून सगळ्यांना प्रेशर कुकर मिळाला, तेव्हा त्यांनी जुना कुकर आमच्या झाडूवालीला दिला. आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा कुकरच मिळाला, तेव्हा तो खोका न उघडताच तिला दिला. “उसके यहाँ अब कुकर की दुकान खुलेगी,” असं ऑफिसातला ड्रायव्हर म्हणाला होता.

पगार थोडा होता, पण त्या कधी ओढाताणीत दिसल्या नाहीत. साड्या मोजक्या, इस्त्री स्वतःची. डब्यात रोज एक भाजी नीट केलेली आणि मोसमातलं एखादं फळ. “घरानं आपल्याला खायला नको,” एवढंच त्या म्हणायच्या, कुणी विचारलं तर.

मला खाऊन टाकलं होतं. आई-बाबा भोपाळला दादाकडे गेले तेव्हा मी नोकरीसाठी मागे राहिले आणि सिटी सेंटर भागात दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं घेतला. एकटीला एवढा कशाला, हा प्रश्न बरोबरच आहे. पण खोली घेतली की घरमालकीण येते, कुठे जातेस, कोण आलं होतं, विचारते. फ्लॅटमध्ये कोणी काही विचारत नाही. त्या न विचारण्यासाठी मी अर्ध्याहून जास्त पगार देत होते. संध्याकाळी पोहे खायचे, सकाळी उरलेले पोहे डब्यात.

मावशींना हे कळल्यावर त्यांनी विचारलं, “दुसऱ्या खोलीत कोण राहतं?”

“कोणी नाही.”

“मग तिचं भाडं कोणाच्या वतीनं भरतेस?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

चैत्रात त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. “मंगळवार तुझा, सात वाजता,” असं म्हणाल्या. मला ते काही समजलं नाही. माझ्या काकूकडचं हळदीकुंकू मी पाहिलं होतं, दिवे लागले की बायका येत राहतात, जिला जसं जमेल तसं. म्हणून मंगळवारी, मावशी निघून गेल्यावर, मीही ऑफिसातून लवकर सुटले तशी सरळ त्यांच्याकडे गेले. जिना चढून वर पोचले तर दार उघडं आणि आत त्यांची घरमालकीण पाटावर बसलेली. तिच्या आणि मावशींच्या मध्ये पेटीवर गौर मांडलेली. आत तिसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती.

तेव्हा मला उलगडा झाला. खोलीत दोघीच बसू शकतात, म्हणून मावशी महिनाभर, एकेका दिवशी एकेका बाईला बोलवत. काही दिवशी दोघींना, पण वेगवेगळ्या वेळी. गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत असतेच, मग घाई कशाला, असा त्यांचा हिशेब. प्रत्येक बाईला पूर्ण वेळ मिळायचा. मी माझ्या वेळेच्या आधी येऊन दुसरीच्या वेळेत शिरले होते.

मी लाजून परत फिरले, तर मावशींनी आतूनच हाक मारली, “जाऊ नकोस, पायरीवर बस.” आणि हात लांब करून आंब्याच्या डाळीची वाटी माझ्याकडे दिली. मी वरच्या पायरीवर बसून डाळ खाऊ लागले. दार उघडंच होतं, म्हणून पुढचं सगळं ऐकू आलं.

घरमालकीण पन्हं संपवून म्हणाली, “दीदी, एक बात कहनी थी। ऊपर का तुड़वा रहे हैं। बाथरूम लगवा के कोचिंग वाले बच्चों को देंगे। वो लोग ज़्यादा देते हैं। बरसात से पहले आप कहीं देख लो।”

मावशींचं बोट कुंकवात बुडवलेलं होतं. ते तसंच क्षणभर वर राहिलं. मग त्यांनी तिच्या कपाळावर नीट गोल कुंकू लावलं, हळद लावली, भिजवलेले हरभरे तिच्या पदरात घातले.

“आप बुरा मत मानना,” घरमालकीण म्हणाली.

“नहीं। सीढ़ी में सँभल के, अँधेरा है।”

ती माझ्या अंगावरून, पदर धरून, खाली गेली. मावशींनी पाट पुसला आणि मला म्हणाल्या, “ये. आता तुझी जागा झाली.”

मी आत जाऊन बसले. त्यांनी मला कुंकू लावलं. बोट थंड होतं. उरलेल्या महिन्यात बाकीच्या बायकाही ठरल्याप्रमाणे एकेक येऊन गेल्या आणि कुणालाही काही कळलं नाही.

मग खोली शोधणं सुरू झालं. ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर जायचे. टोपी बाजारात एका दुकानावर खोली होती. खिडकी उघडली की गोदामाची भिंत. मालकानं विचारलं, अकेली हैं? मग, कोई आता-जाता तो नहीं? मावशी म्हणाल्या, “आएगा तो बैठेगा कहाँ?” त्याला हसू आलं, पण भाडं त्यानं कमी केलं नाही, आणि ते मावशींच्या आवाक्याबाहेरचं होतं. दुसऱ्या एका घरी भाडं खूपच कमी सांगितलं, फक्त सासूबाईंना वेळेवर औषध द्यायचं आणि मुलं शाळेतून आली की बघायचं. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, “इथे भाडं कमी, पण मी पूर्ण लागते.”

आमच्या मालकांनी मोठ्या मनानं सांगितलं, अपना ही छोटा वाला ले लो दीदी, स्टाफ रेट में, लोन करवा देंगे. मावशींच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. मावशींनी हात जोडले. मला नंतर म्हणाल्या, “त्या फ्लॅटमध्ये हप्ता राहील. मी कुठे राहू?”

मी माझं वाक्य टेंपोत बसून मनात म्हणून म्हणून पाठ केलं होतं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्याकडे न बघता म्हटलं की माझी दुसरी खोली रिकामी आहे, तुम्ही या.

रविवारी त्या आल्या. त्या खोलीत माझी एक सुटकेस आणि कपडे वाळत घालायचा स्टँड होता. त्या भिंतीला टेकून फरशीवर बसल्या. म्हणाल्या, “ऊन छान येतं.” मग भाडं विचारलं. मी कमी करून सांगितलं.

“या भागात एवढ्यात गॅरेज मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “मी याच धंद्यात आहे, बाळा.”

मी खरा आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला. “अर्धं मला झेपणार नाही. आणि पाव देऊन मी अर्ध्या घरात राहायची नाही. रोज चहा करताना दूध किती घेतलं ते बघत बसेन.”

“मला पैसे नकोत.”

“तुला हवेत. तुझ्या डब्यात काय असतं ते मी रोज बघते.”

मग माझ्याकडे पाठ केलेलं काही उरलं नव्हतं. “मला सोबत होईल,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला खाली बघावं लागलं. “ते मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच नको. सोबत म्हणून आले आणि एखाद्या दिवशी नुसतं गप्प बसावंसं वाटलं, तर? मला ती माझी खोली वाटणार नाही. कामावर असल्यासारखं वाटेल.”

जाताना त्यांनी स्टँडवरचे माझे वाळलेले कपडे घडी करून ठेवले.

पाऊस सुरू व्हायच्या आधी त्या इंदूरला भावाकडे गेल्या. भाऊ कित्येक वर्षं बोलवत होता आणि त्या कित्येक वर्षं नाही म्हणत होत्या. खाट, पेटी, ओट्यावरची भांडी, सगळं एकेक करून कुणाकुणाला दिलं. मी बसस्टँडवर गेले होते. त्यांच्याकडे दोन पिशव्या होत्या, आणि गौर रुमालात गुंडाळून पर्समध्ये. बस हलल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला, तोही अगदी जरासा, शेजारच्या बाईला धक्का लागू नये अशा बेतानं.

सँपल फ्लॅट आता एक कोट घातलेली चुणचुणीत मुलगी दाखवते. लोक उभ्यानं बघतात, फोटो काढतात, जातात.

मी काही महिन्यांनी तो फ्लॅट सोडला. लष्कर भागातच एक खोली घेतली, घरमालकीण खालीच राहते आणि सगळं विचारते. महिनाअखेरीला हातात पैसे उरतात, डब्यात भाजी असते. हे मावशींना सांगावं म्हणून एका रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल केला. मी फोन फिरवून खोली दाखवली. त्यांनी भिंतीला ओल आहे का विचारलं, पाणी किती वेळ येतं विचारलं, गॅस खिडकीपासून लांब ठेव म्हणाल्या. त्या खूश होत्या, मला वाटतं.

मग मी विचारलं, तुमची खोली दाखवा.

त्यांनी फोन फिरवला. मोठा हॉल होता. सोफे, टीव्ही, काचेचं टेबल, कोपऱ्यात एक दिवाण आणि त्यावर फुलांची चादर अगदी ताणून घातलेली, जशी पाहुण्यांसाठी घालतात.

“इथेच,” त्या म्हणाल्या. “घर मोठं आहे. सगळी चांगली आहेत.” मग आवाज थोडा खाली आणून, “सगळे उठून गेले की माझी खोली सुरू होते.”

तेवढ्यात बेल वाजली. बाहेर कोणीतरी पाहुणे आले होते. थांब हं, असं म्हणून त्या घाईनं उठल्या आणि फोन टेबलावर तसाच उताणा ठेवला. मला वरचं छत दिसू लागलं आणि फिरणारा पंखा. या, या, बसा, असे आवाज आले. सोफे सरकले. पाणी आणा, कोणी म्हणालं. त्यांचा आवाज मला त्यात ऐकू येतो का, म्हणून मी फोन कानाजवळ धरला, मग पुन्हा समोर धरला. पंखा फिरत होता. मी फोन ठेवला नाही, कारण त्यांनी थांब म्हटलं होतं.

मग पंख्याच्या मध्ये एका तरुण मुलीचा चेहरा आला, अनोळखी, वाकून बघणारा.

“अरे, ये फोन किसका चालू पड़ा है?” तिनं मागे वळून विचारलं, आणि उत्तर यायच्या आधी बंद केला.